जुबिलीचं वर्ष, छपराचा निधी आणि बिल्डरचा प्रस्ताव: वाचकांचे प्रश्न

या महिन्यातले बरेच प्रश्न वसई पट्ट्यातल्या धर्मग्रामांचे, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समुदायाचे आहेत. कुठे जुबिली, म्हणजे वर्धापनाचा मोठा सोहळा, तोंडावर आली आहे, कुठे छप्पर गळतंय, आणि काही ठिकाणी दोन्ही एकदमच.

आमच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक वर्ष कोरलं आहे, जुन्या स्मरणिकेत दुसरं आहे आणि वडीलधारी तिसरंच सांगतात. जुबिली कोणतं वर्ष धरून करायची?

तिन्ही वर्षं खरी असू शकतात, कारण ती तीन वेगळ्या घटनांची असतात. आधी वस्तीत कुरूस (क्रूस) किंवा छोटं कपेल (प्रार्थनाघर) उभं राहतं. मग आजची इमारत बांधली जाते. स्वतंत्र धर्मग्राम म्हणून मान्यता मिळते ती तिसरी घटना, आणि ती इमारतीच्या आधीही घडू शकते किंवा नंतरही. जुबिली धर्मग्रामाची असेल तर बिशपांच्या स्थापनापत्राचं वर्ष धरा. वास्तूची असेल तर आशीर्वादविधीचं धरा. निमंत्रणपत्रिकेवर यातलं काय साजरं करतोय ते स्पष्ट लिहा, म्हणजे दहा वर्षांनी पुढची समिती पुन्हा भांडणार नाही.

कागद शोधताना तो परिसर त्या काळी कोणाच्या अखत्यारीत होता हे आधी ठरवा. वसईच्या बहुतेक जुन्या चर्चसाठी क्रम साधारण असा: १८८६पर्यंत गोव्याचे आर्चबिशप, १८८६ ते १९२८ दमणचा धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश), १९२८ ते १९९८ मुंबई, आणि २२ मे १९९८पासून वसई. दमणचा धर्मप्रांत १९२८ साली बंद झाला, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मग मुंबईत खेपा घालून लोक रिकाम्या हाताने परततात. पोर्तुगीज काळासाठी पणजीचं पुराभिलेखागार आणि पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र या दोन जागा पाहा.

तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली ‘अखंड साडेचारशे वर्षं’ लिहिण्याची. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. त्या मोडतोडीत तुमच्या चर्चची उपासना खंडली की चालू राहिली, हे नोंदवहीवरून दाखवता येत असेल तरच ‘अखंड’ म्हणा. दुसरी चूक घंटेवरच्या वर्षाला इमारतीचं वर्ष समजण्याची. घंटा गावं बदलतात. नाशिकच्या नारोशंकर देवळातली आणि मेणवलीची घंटा वसईच्या मोहिमेतूनच तिथे गेली असं मानलं जातं! तिसरी चूक संतांच्या नावाची. वसईचे गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत हुतात्मा झाले, १६२७मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं आणि संतपद मिळालं १८६२ साली. स्मरणिकेत सतराव्या शतकातल्या ‘संत गोन्सालो गार्सिया चर्च’चा उल्लेख दिसला, तर तो मजकूर कोणीतरी नंतर रचला आहे असं समजा.

बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांची पानं तुकडे होऊन पडताहेत. लॅमिनेट करून घ्यावीत का?

नको, सेलोटेपही नको. जुनी शाई बहुतेक लोह आणि मायफळाची असते. ती कागद आतून खाते. प्लास्टिकच्या आत तो कागद पुन्हा कधीच सोडवता येत नाही. फोटोकॉपी यंत्रावर वही उलटी दाबली तर शिलाई तुटते.

फोटो काढा. वही उशीवर ठेवा आणि काटकोनापेक्षा थोडीच जास्त उघडा, सपाट करू नका. दोन्ही बाजूंनी दिवे लावा, फ्लॅश बंद ठेवा. प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक आणि एक मोजपट्टी दिसू द्या. फाइलला वही, वर्ष आणि पान या क्रमाने नाव द्या. हे काम नोव्हेंबर ते मे या काळात उरका, पावसाळ्यात वह्या उघडूच नका. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, ओल भिंतीतूनच येते.

वाचताना जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख वेगळी धरा. समासातल्या नोंदींमध्ये विवाह रद्द झाल्याचे किंवा अनौरस जन्माचे उल्लेख असतात. हयात घराण्यांची असली माहिती स्मरणिकेत छापायची नाही, कितीही रंजक असली तरी.

छपराच्या कामाचा अंदाज ७५ लाखांचा आहे आणि कुटुंबं ६००. प्रत्येकी साडेबारा हजार मागितले तर जमेल ना?

जमणार नाही. समान वाटणीने गरीब घर बिचकतं, आणि पाच लाख देऊ शकणारं घर साडेबारा हजार देऊन सुटतं. शिवाय ७५ लाख हा आकडाही अपुरा आहे. कौलं उतरवल्याशिवाय वाशांना किती वाळवी लागली ते कळत नाही, म्हणून वीस टक्के जादा धरून ९० लाखांचं लक्ष्य ठेवा.

मग उतरंड मांडा: पाच लाखांचे २ देणगीदार, दोन लाखांचे ८, एक लाखाचे २०, तीस हजारांचे ६०, दहा हजारांचे १५०. हे झाले ७९ लाख. उरलेल्या ३६० घरांपैकी ३०० घरांनी सरासरी तीन हजार दिले की आणखी ९. शेवटचे दोन लाख सणाच्या स्टॉलमधून आणि हाउजीतून येतील. तिकिटं विकून सोडत काढण्याच्या फंदात मात्र पडू नका, परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे.

वरच्या तीन पायऱ्यांवर फक्त ३० घरं आहेत, पण रक्कम निम्मी, ४६ लाख. त्यांना वेदीवरून घोषणा होण्याआधी प्रमुख धर्मगुरू आणि अर्थ समितीचा एक सदस्य अशा दोघांनी घरी जाऊन भेटा. निम्मी रक्कम कबूल झाल्यावरच जाहीर आवाहन करा. लोक चालत्या गाडीत चढतात. बाकीच्यांना २४ महिन्यांचे हप्ते द्या. हप्ते गळतात ते बहुधा पावती दोन-दोन महिने न मिळाल्यामुळे आणि मध्येच खजिनदार बदलल्यामुळे.

आवाहनपत्रात एक वाक्य विसरू नका: ‘काम पूर्ण होऊन रक्कम उरल्यास ती चर्चच्या दुरुस्ती निधीत जमा होईल.’ चर्चच्या कायदेसंहितेतलं कलम १२६७ सांगतं की ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी ते वापरायचं. हे वाक्य नसेल तर उरलेल्या चार लाखांवरून समितीत जो वाद होईल तो छपराच्या कामापेक्षा लांबेल. ज्यांची देणगी मुदलात कायम ठेवून फक्त व्याज वापरायचं आहे, त्यांच्याकडून ती ‘कॉर्पस’साठी आहे असं लेखी घ्या आणि ती रक्कम वेगळी गुंतवा.

काम ऑक्टोबरमध्ये सुरू करा आणि पहिल्या पावसाआधी कौलं चढलीच पाहिजेत असं करारात लिहा. कंत्राटदाराचे पाच ते दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून धरा. आणि एक विनवणी: दगड-चुन्याच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमागे ती अडकते. मग क्षार फुलतात आणि दोन-तीन वर्षांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. चुनेगच्ची जाणणारा गवंडी महाग पडेल, तरी तोच शोधा.

दुबईतला भाऊ आणि कॅनडातली बहीण दोघांनाही पैसे पाठवायचे आहेत.

भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याची स्वतःच्या बचतीतली देणगी परदेशी निधी ठरत नाही, ती नेहमीच्या खात्यात घ्या. पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. बहिणीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असूनही ती परदेशी स्रोत ठरते. त्यासाठी तुमच्या ट्रस्टला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. ‘दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घेऊन आमच्याकडे वळवू’ हा मार्ग २०२०च्या दुरुस्तीने बंद झाला आहे.

देणगीदार ८०जीची (आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती मागतात.

चर्चच्या दुरुस्तीसाठी ती सहसा मिळत नाही. केंद्र सरकारने ऐतिहासिक महत्त्वाचं किंवा ख्यातनाम प्रार्थनास्थळ म्हणून अधिसूचित केलेल्या वास्तूंनाच ती सोय आहे. शाळेच्या ट्रस्टकडे ८०जी असेल, तर त्या पावतीवर घेतलेला पैसा छपराला लावायचा नाही. नव्या करपद्धतीत असलेल्या माणसाला ही वजावट मुळातच नाही, हेही सांगून टाका. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका.

बिल्डर म्हणतो, मागची वाडी द्या, चर्च फुकट नवं करून देतो.

ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, बदलून द्यायला किंवा बक्षीस द्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून आणि बाकी जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासाठीही तीच अट आहे. व्यवहाराला ‘विकास करार’ असं नाव दिल्याने ही अट टळते असं समजू नका. धर्मप्रांताची लेखी संमती वेगळी घ्यावी लागते. आधी सातबारा काढा आणि तो ट्रस्टच्या अनुसूची १शी (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीशी) ताडून बघा. जुन्या वाड्यांवर कधी एखाद्या दिवंगत फादरचं, कधी कुळाचं नाव सापडतं. ते निस्तरल्याशिवाय बिल्डरबरोबर चहालाही बसू नका. पुढे जायचंच ठरलं तर सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल घ्या, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागवा आणि विश्वस्तांचा ठराव करा. हे सगळं अर्जाला जोडावं लागेल.