लाखो वर्षांपूर्वी भूकंप झाला होता, हे खडकावरून कसं कळतं?

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सूडोटॅकिलाइट. भूकंपात भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे सरकतो त्या भेगेच्या, दोन्ही बाजू सेकंदाला साधारण 1 मीटर वेगाने एकमेकींवर घासतात. त्या उष्णतेने मधला खडक चक्क वितळतो आणि लगेच गोठतो. मागे उरते काळी, काचेसारखी रेघ.

जपानच्या शिकोकू बेटावर, शिमांतो पट्ट्यातल्या ओकित्सू इथे ती सापडली आहे. हा पट्टा असा बनला: एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली जाताना समुद्रतळाचा गाळ खरवडला गेला, खोलवर दबला आणि पुढे वर उचलला गेला. बाजूच्याच समुद्रतळावरच्या नानकाई गर्तेत हे आजही सुरू आहे. 1944 आणि 1946 चे महाभूकंप तिथलेच.

रेघ नीट पाहा. जाडी बऱ्याचदा काही मिलिमीटरच, पण तिच्यातून बाजूच्या खडकात मुळांसारखे काळे फाटे शिरलेले दिसतात. तो दाबाने भेगांत घुसलेला वितळलेला रस. सूक्ष्मदर्शकाखाली कडा वितळून गोलसर झालेले कणही दिसतात. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण सावकाश सरकण्याने खडक असा वितळत नाही.

मात्र काच टिकाऊ नसते. पाणी मुरलं की तिची माती होते, म्हणून रेघ दिसली नाही याचा अर्थ भूकंप झालाच नाही असा घेऊ नका.