कृपादान मिळाले नाही, म्हणजे कृपाच झाली नाही का?

माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती भाऊबहिणींकडून एक प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. “सभेत इतरांना अन्य भाषा येतात, कुणी हात ठेवला की दुखणेकरी बरे होतात, मला मात्र काहीच मिळाले नाही. देवाने मला वगळले आहे का?” पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या अशा विशेष देणग्यांना कृपादाने म्हणतात; अन्य भाषा म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत बोलणे. विचारणारी माणसे बहुधा उपासना न चुकवणारी असतात, आणि म्हणूनच पाळकसाहेबांपुढे हा विषय काढायला त्यांना संकोच वाटतो. ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून एका बाईंची हकिकत येथे सांगते.

बाई पन्नाशीच्या, एका शाळेच्या कार्यालयात शिक्षकांची पगारबिले करणाऱ्या. दोन वर्षे त्यांनी दर शुक्रवारी उपवास धरला होता आणि संजीवन सभांत, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांत, चार वेळा पुढे जाऊन गुडघे टेकले होते. शेवटच्या वेळी कुणीतरी कानाशी म्हणाले, “तुमच्या आत काहीतरी अडथळा आहे, पाप कबूल करा.” तेव्हापासून त्यांची झोप उडाली. माझ्यासमोर त्यांनी एक वही ठेवली. तिच्यात नवव्या वर्षी आईच्या डब्यातून घेतलेल्या चार आण्यांपासूनची पापे तारीखवार लिहिलेली होती.

सुरुवातीला मी चुकले. त्या दर महिन्याला प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचे, छोटे पेले धुऊन, एकेक पेला सुती फडक्याने पुसून ठेवतात, हे ऐकून मी लगेच म्हणाले, “साहाय्य करणे हेही प्रेषित पौलाने आपल्या पत्रात कृपादानांतच मोजले आहे.” त्या मान खाली घालून म्हणाल्या, “म्हणजे वाटून उरलेले माझ्या पदरात.” त्या उत्तराने मला जागे केले. बाईंची भूक दानाची नव्हती, आपण देवाला हव्या आहोत याच्या खुणेची होती. आणि मी त्यांना खुणेऐवजी समजूत देत होते.

पुढच्या काही भेटींत वडिलांचा विषय निघाला. वर्गात पहिला नंबर आला की वडील जवळ घेत, एरवी निकालपत्रावर सही करून परत देत. लहानपणी प्रेम ज्या वाटेने मिळते, त्याच वाटेवर माणूस मोठेपणी देवाची वाट पाहत उभा राहतो, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे, आणि येथे ते पुन्हा खरे ठरले.

मग एके दिवशी मी त्यांना त्यांच्याच कामाविषयी विचारले. “पगारबिलात एखाद्या शिक्षकाचे नाव राहिले तर?”

“तो भांडायला येतो. त्याने महिनाभर काम केलेले असते, ताई.”

“आणि त्या शिक्षकाला कुणी सहज काही भेट दिली, तर ती कोणत्या रकान्यात लिहाल?”

“ती बिलात येतच नाही.”

मी त्यांना त्यांचेच बायबल उघडून रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील तेविसावे वचन वाचायला सांगितले. पापाचे वेतन मरण आहे, हे त्या सरावाने वाचून गेल्या. पुढच्या ‘कृपादान’ या शब्दावर मात्र त्यांचे बोट थांबले. “येथे तर सार्वकालिक जीवनालाच कृपादान म्हटले आहे.” मूळ ग्रीकमध्येही तोच शब्द आहे, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात बरे करण्याच्या दानांसाठी पौल तोच वापरतो, हे मी सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर हळूच म्हणाल्या, “मी दोन वर्षे देवाकडे उपवासांचे बिल लावत होते.” इतक्या वर्षांच्या कामात मला मिळालेल्या थोड्या समाधानाच्या क्षणांपैकी तो एक होता.

असा घोर ज्यांना लागला आहे, त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा हा बारावा अध्याय सावकाश वाचावा. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो असे पौल तेथे सांगतो, आणि सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असे अशा रीतीने विचारतो की उत्तर ‘नाही’ हेच यावे. ज्यांना हे पत्र लिहिले, त्या करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीत दानांची उणीव नव्हती, तरी तिच्यात तट होते आणि प्रभुभोजनाच्या वेळीही काही जण उपाशी राहत. म्हणून दान हे पक्वतेचे प्रमाणपत्र मानू नये. दानांची उत्कंठा धरू नये, असे मी कधीच म्हणणार नाही, कारण ती धरा असे पौलच सांगतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन झाले, पुढे तेथे अन्य भाषांतील प्रार्थनाही ऐकू आल्या. त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक ग्रंथ समोर ठेवून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या कामाला लागलेल्या होत्या. एका छपराखाली दोन्ही नांदले.

मात्र झोप, भूक आणि कामातले लक्ष आठवडेच्या आठवडे उडाले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे. तो अविश्वास नव्हे. उपवासासाठी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि सभा चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जो पुढे येऊन गप्प राहतो, त्याच्या कानाशी ‘अडथळा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून त्याला घरचे कसे चालले आहे, एवढे तरी विचारावे. त्या बाईंना दोन वर्षांत हे कुणीही विचारले नव्हते.