‘रंग बदलला नाही’ म्हणजे भाजीत औषध नाही, असं धरू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलुंडच्या तुमच्या सोसायटीत दर शनिवारी नारायणगावहून शेतकऱ्याकडची भाजी येते. आता एकजण ‘नॅनो सिल्व्हर’चं किट विकायला आलाय. भाजीचं पाणी त्यात टाका, रंग बदलला नाही तर फवारणीचं औषध नाही, असं तो सांगतो. घरात दोन वर्षांचा नातू, त्याला द्राक्षं फार आवडतात, म्हणून सगळ्यांनी मिळून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी उपनगरातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये २२ वर्षं काढली आणि हे नॅनो चांदीचं द्रावण प्रॅक्टिकलसाठी कितीतरी वेळा स्वतःच्या हाताने बनवलंय. तंत्र खरं आहे, त्यात काही बनवाबनवी नाही. पण नातवाला काय द्यायचं हे त्या रंगावर ठरवू नका.

हे चालतं कसं ते आधी सांगतो. बर्फात ठेवलेल्या सोडियम बोरोहायड्राइडच्या पातळ द्रावणात सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत ढवळत राहायचं. बघता बघता पाणी स्वच्छ पिवळं होतं. ही चांदीच, पण तिचे कण साधारण १० नॅनोमीटरचे; आपला केस त्याच्या काही हजार पट जाड असतो. इतके बारीक कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून पाणी पिवळं दिसतं. कण सुटे आहेत तोवर पिवळं. ते एकमेकांना चिकटले की रंग नारिंगी, तपकिरी आणि शेवटी राखाडी होत जातो. थायरमसारखी (हे एक बुरशीनाशक) गंधकाची औषधं चांदीला घट्ट धरतात आणि कणांना एकत्र ओढतात. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं तेही गंधकामुळेच.

अडचणही तिथेच आहे. हा गंधक औषधातला की भाजीतला, हे चांदीला कळत नाही.

एक दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. एका विद्यार्थिनीने भांडुपच्या घरून, गॅलरीतल्या कुंडीतली कांद्याची पात आणली होती. आईने लावलेली, तिच्यावर कधी काही फवारलेलं नाही. ती खलबत्त्यात ठेचली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये घोळवून गाळली आणि दोन थेंब पिवळ्या द्रावणात सोडले. मागे पांढरी टाइल धरली होती. थेंब पडला तिथून तपकिरी धागा खाली उतरला आणि थोड्याच वेळात अख्खी टेस्टट्यूब चहाच्या रंगाची झाली. पोरगी घाबरून म्हणाली, “सर, आम्ही तर हीच खातो!” औषध कसलं, कांद्याचा स्वतःचाच गंधक तो. लसूण, कोबी, मुळा यांचंही तेच. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाची साधी, काहीही न टाकलेली ट्यूबसुद्धा राखाडी झाली, कारण त्याने शेवटचं विसळणं नळाच्या पाण्याने केलं होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोराइड या कणांना पुरतं. तुमच्या किटवाल्याने भाजी कुठल्या पाण्यात बुडवली होती, ते आठवून पाहा.

पालेभाजीत आणखी एक भानगड आहे. पानातलं हरितद्रव्य आणि पिवळी रंगद्रव्यं नेमकी ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातच प्रकाश शोषतात. पालकाच्या हिरवट पाण्यात पिवळ्याचं नारिंगी झालं का, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं मला आजही जमणार नाही.

पण तुमच्यासाठी जास्त धोक्याची चूक याच्या उलटी आहे: औषध आहे आणि रंग बदललाच नाही. आपल्याकडे एखाद्या औषधाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. बारीक मिठाचा एक कण साधारण ०.०६ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे सहा किलो भाजीत मिठाचा एक कण! भाजी नुसती पाण्यात खळबळून एवढंसं औषध बाहेर काढायचं आणि डोळ्यांनी ओळखायचं, हे कठीण आहे. शिवाय बऱ्याच औषधांत गंधक नसतोच. २०१० मध्ये आपली निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वॅटच्या अंशामुळे. वेलीची वाढ रोखायला ते वापरतात आणि त्यात गंधकाचा अणू नाही. द्राक्षांसाठीच किट घेत असाल तर एवढं एक उदाहरण पुरे.

काही किटमध्ये चांदीबरोबर ॲसिटाइलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम असतं. हा प्रकार जास्त हुशारीचा. एन्झाइम जिवंत असेल तर ते थायोकोलिन हा गंधकाचा पदार्थ तयार करतं आणि त्याने चांदीचे कण गोळा होतात. ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातल्या कीटकनाशकाने ते मारलं असेल तर पाणी पिवळंच राहतं. म्हणजे इथे रंग न बदलणं हीच धोक्याची खूण! तुमचा विक्रेता कुठला प्रकार विकतोय हे त्याला जरूर विचारा. अर्थात यातही सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड ही दुसऱ्या गटांतली कीटकनाशकं दिसत नाहीत. क्लोरपायरिफॉससारखं औषध आधी ऑक्सिडाइज केलं नाही तर तेसुद्धा निसटू शकतं.

चांदीचा खरा उपयोग मला दिसतो तो रामन तंत्रात, म्हणजे रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशावरून तो रेणू ओळखण्यात. १९७४ मध्ये खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा रामन सिग्नल अनपेक्षितपणे खूप जोरदार मिळाला, तिथून ही वाट सुरू झाली. त्यात रंग बघायचा नसतो, रेणूची स्वतःची सही वाचायची असते. थायरमची ठळक रेषा यंत्राच्या पट्टीवर १३८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते, कांद्याच्या गंधकाची तिथे गल्लत होत नाही. पण त्यासाठी यंत्र लागतं आणि ते वाचणारा माणूस लागतो.

मग सोसायटीने काय करावं? किटचे पैसे बाजूला ठेवा आणि हंगामात दोन-तीनदा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये नमुना द्या. द्राक्षं आणि एखादी पालेभाजी, प्रत्येकी एक ते दोन किलो, न धुता, स्वच्छ पिशवीत. ‘मल्टी-रेसिड्यू’ तपासणी, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक औषधांचे अंश बघणारी, मागा आणि कुठली औषधं बघणार ती यादी आधीच घ्या. शेतकऱ्याकडून फवारणीची वही मागा: कोणतं औषध, कधी मारलं, तोडणी कधी. बाटलीवरच्या त्रिकोणाचा फोटो पाठवायला सांगा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे विचारण्यात संशय नाही. फवारणीच्या विषाचा पहिला वाटा त्याच्याच अंगावर जातो. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते मी विसरू शकत नाही. आपण विचारतोय म्हटल्यावर त्यालाही फवारणीनंतर तोडणीआधी थांबायला बळ येतं.

घरी द्राक्षं घडातून सुटी करा, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२-१५ मिनिटं ठेवा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सफरचंदावर एवढ्याच सोड्याचा प्रयोग केला, तेव्हा सालीवरचं औषध निघालं. आत मुरलेलं मात्र निघालं नाही.

किट आधीच घेतलं असेल तर टाकू नका. शनिवारी गाडी किती वाजता येते ते कळवा. मी डिस्टिल्ड वॉटर आणि गॅलरीतली कांद्याची पात घेऊन येतो, आधी तिच्यावरच लावून बघू.