ऑफिससाठी मोजकेच कपडे: सुरुवात अशी करा

आधी खरेदी थांबवा. सगळे हँगर उलट्या बाजूने अडकवा. कपडा घातला की परत ठेवताना सरळ. महिन्याभराने जे उलटेच राहिलेत ते बाजूला काढा, पण लगेच देऊन टाकू नका.

मग नेव्ही, राखाडी किंवा काळा असा एकच मूळ रंग धरा. 3 पँट, 6 टॉप, 2 जॅकेट म्हणजे 36 जोड्या. अर्थात प्रत्येक टॉप प्रत्येक पँटवर आणि प्रत्येक जॅकेटखाली जात असेल तरच. बहुतेकांचं गणित इथेच फसतं, कारण टॉप सुटा आवडतो म्हणून घेतला जातो. काळ्यावर काळं घेताना उन्हात नेऊन पाहा, ट्यूबलाइटखाली जुळलेल्या छटा बाहेर वेगळ्या दिसतात. क्रिएटिव्ह टीममध्ये सगळंच साधं घातलं तर गणवेश वाटतो (आणि कंटाळाही येतो), म्हणून चष्मा, बूट किंवा स्कार्फ यातलं एक ठसठशीत ठेवा. पांढरे टी-शर्ट मात्र दोन घ्या, काखेत पिवळे पडतातच.