बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दिव्याच्याच बटणावर घ्यावा की वेगळा? टायमर लावता येतो का?

वेगळा. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं वायरिंग चालू आहे, टाइल्स अजून लागायच्या आहेत आणि ठेकेदार "एकाच बटणावर देतो, एक पॉइंट वाचेल" म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं ऐकू नका. मी सातपूरच्या आयटीआयतून वायरमन झालो, अंबडला मेंटेनन्समध्ये आहे, आणि हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

दादाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटचं काम चालू होतं तेव्हा झिऱ्या (पाइपासाठी भिंतीतल्या खाचा) मारायच्या आधीच मी सांगितलं होतं, फॅनच्या पाइपात एक तार जादा सोडा. ठेकेदार म्हणाला, गरज नाही. दादा त्याच्या बाजूनं बोलला. मग व्हायचं तेच झालं. सकाळी लागोपाठ अंघोळी, बाहेर पडणारा प्रत्येक जण सवयीनं दिवा घालवणार, आणि आत वाफ कोंडलेली असताना नेमका फॅन बंद. पहिल्याच पावसाळ्यात गिझरच्या वरच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आले, नंतर रंगाचे पोपडे सुटायला लागले. दादानं फॅनला दोष दिला आणि मोठा फॅन आणला. ठिपके होते तिथेच. एकदा मी स्टुलावर चढून कनेक्शन उघडलं. बॉक्स नाही, कनेक्टर नाही, दोन तारा पिळून वर टेप. टेप ओलाव्यानं सुटलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. बटण बंद होतं, तरी टेस्टर दोन्ही तारांवर पेटला. म्हणजे बटण फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) नव्हतंच, न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) दिलं होतं, बटण बंद असलं तरी फॅनमध्ये करंट होताच. आणि वहिनी तोच फॅन बटण बंद करून ओल्या फडक्यानं पुसत होती! त्या दिवशी मी आवाज चढवला, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

दादाचं म्हणणं आजही एकच: फॅन मागे चालू राहिला तर बिल येतं. हिशेब करू या. बाथरूम 5 बाय 8 फूट, उंची 9 फूट, म्हणजे साधारण 10 घनमीटर हवा. लहान फॅन ताशी 100 घनमीटर जरी ओढत असला, तरी हवा एकदा बदलायला सहा मिनिटं लागतात. भिंती सुकायला त्याच्या तिप्पट धरा. 40 वॉटचा फॅन 20 मिनिटं चालला तर एका युनिटमध्ये 75 अंघोळी होतात. एक पोपडा दुरुस्त करायला रंगारी किती घेतो ते विचारून बघा.

टायमरचं म्हणाल तर जरूर लावा. बटण बंद केल्यावर फॅन पुढे 15-20 मिनिटं चालायचा असेल तर त्याला कायम चालू असलेली फेज लागते, शिवाय बटणातून येणारी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. अशा चार तारा. दोनच तारा टाकल्या असतील तर फॅनमधला असा टायमर नंतर बसवता येत नाही, पाइपातून जादा तारा ओढता आल्या नाहीत तर भिंत फोडावी लागते. बोर्डात बसणारा टायमर घेणार असाल तर बोर्डात न्यूट्रल आहे ना ते बघा. नुसत्या बटणांच्या बोर्डात बरेचदा तो नसतो. दमटपणा ओळखून चालणारा सेन्सर आपल्याकडे मी सुचवणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते, फॅन थांबायचं नावच घेणार नाही. नुसत्या हालचालीवर चालणारे सेन्सर बाथरूमला निरुपयोगी, माणूस बाहेर पडल्यावरच तर फॅनचं खरं काम असतं.

बटण दाराबाहेर घ्या, आणि ते फेजच तोडतंय हे टेस्टरनं स्वतःसमोर तपासून घ्या. शॉवरच्या बाजूला थ्री-पिन सॉकेट नको, तार सरळ झाकणाच्या बॉक्समध्ये कनेक्टरवर. बाथरूमच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) हवीच. तरी साफसफाईच्या वेळी नुसत्या बटणावर भरवसा ठेवू नका, त्या लाइनची एमसीबी (मुख्य बोर्डातला स्विच) पाडा. आणि साफसफाई खरोखर करा, धुळीनं जाम झालेली मोटर तापते.

हे सगळं करूनही दाराखाली फट किंवा जाळी नसेल तर फॅन नुसता आवाज करेल, कारण आत हवा आल्याशिवाय बाहेर जाणार नाही. त्यातही बाथरूममध्ये गॅस गिझर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या, गिझर बाहेर मोकळ्या हवेतच हवा. फॅन आहे म्हणून चालेल असं काही लोक सांगतात, ते धोक्याचं आहे. हवेला वाट नसेल तर फॅनच्या ओढीनं गिझरचा धूर उलटा आत येऊ शकतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि टाइलवाला यायच्या आधी पाइपाच्या तोंडाशी उभं राहून चारही तारा मोजा.