सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, उन्हाळ्यात विजेचं बिल फार येतं. फाइव्ह स्टार एसी घेतला तर फरक पडेल का?

पडेल, पण एसीच्या आधी डोक्यावरच्या स्लॅबचं बघा.

आम्ही अकोल्यात चौथ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब दिवेलागणीनंतर घर तापवायला लागतो. रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला तरी गरम लागायचं. त्या वर्षी सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. कूलरच्या ओल्या हवेने त्यांना खोकला यायचा, म्हणून दीड टनाचा एसी घेतला. मार्चमध्ये १८० युनिट आले होते, मेमध्ये ४९०! ३०० च्या वरच्या युनिटना चढा दर लागतो, त्यामुळे बिल युनिटपेक्षाही जास्त वाढलं.

मी सोसायटीच्या सचिवांना म्हटलं, गच्चीला चुना मारून घेऊ, पांढऱ्यावर ऊन परततं. ते म्हणाले, "उकाडा तुमच्या घरात, मग चुनाही तुमचाच." हे वाक्य मी विसरलेले नाही. तोच स्लॅब पावसाळ्यात गळला तर दुरुस्ती सोसायटीच्या पैशातून होते, सोसायटीच्या नियमावलीत, म्हणजे उपविधीतच तसं आहे. पाणी उतरलं तर गच्ची सगळ्यांची आणि ऊन उतरलं तर एकट्या माझी?

शेवटी आम्ही दोघांनीच पहाटे उठून आमच्या फ्लॅटवरचा भाग घासून धुतला आणि चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारले. चौथ्या रात्री सासूबाईंनी दोन वाजता हाक मारली, "एसी बंद कर गं, गारठले मी." पुढच्या वर्षी मार्चमध्येच चुना मारला. त्या मेमध्ये ३१० युनिट आले.

एसी २६ वर ठेवून पंखा लावा. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात. एसी रात्रभर चालणार असेल तर फाइव्ह स्टारच घ्या, दोन-तीन तासांसाठी थ्री स्टार पुरे.

चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, हेही सांगते. पश्चिमेची भिंत तापत असेल तर तिला याचा उपयोग नाही. टिकाऊ हवं असेल तर गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करावा लागतो आणि तो खर्च सोसायटीनेच केला पाहिजे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषय गच्चीच्या देखभालीखाली मांडायला सांगा. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. मी पहिल्या वर्षी एकटीनेच अर्ज दिला आणि तो चर्चेलाच आला नाही. यंदा चौघांच्या सह्या आहेत.