आजो खंय गेलो?

‘मूल चर्चला यायला नाही म्हणतं, काय करू?’ सावंतवाडी ते मालवण या पट्ट्यात समुपदेशन करताना ख्रिस्ती आईवडिलांकडून मी हा प्रश्न सर्वांत जास्त ऐकते. मोबाइलमुळे होतंय, संगतीमुळे होतंय, असं बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं. कधी ते खरंही असतं. या मुलाच्या बाबतीत मात्र नव्हतं. त्याच्या घरच्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

डिसेंबर लागायच्या बेतात आई त्याला घेऊन आली. सातवीतला मुलगा. वडील गोव्यात नोकरीला, शनिवारी रात्री घरी येणारे. “मॅडम, झील इगर्जीत (चर्चमध्ये) येऊक तयारच नाय. काय चुकला आमचा?” सिस्टरांच्या शाळेत घातलं, दर रविवारी दोतोर्नाला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, पाठवलं, घरात रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. मग कमी कुठे पडलं? मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवलीस तर मोबाइल नाही, अशी शिक्षाही करून झाली होती. पुढच्या वर्षी दृढीकरणाचा चर्चमधला संस्कार, आणि लोक काय म्हणतील ही धास्ती वेगळीच.

पहिले दोन दिवस मुलगा फक्त गळाने मासे कसे धरायचे ते सांगत राहिला. मी ऐकत राहिले. कोणी शिकवलं, असं विचारल्यावर म्हणाला, “आजोन.” हा आजो त्याचा स्वतःचा नव्हे, शेजारच्या मित्राचा. गाबीत समाजातला म्हातारा, आयुष्यभर होडीवर गेलेला. समुद्रावर जाण्याआधी किनाऱ्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, मेणवात लावल्याशिवाय तो कधी निघाला नाही. आमच्याकडे हे काही नवल नाही. मे महिन्यात खुरसाकडे लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते तेव्हा अर्धी वाडी हिंदूंची असते, आणि चतुर्थीला भजनात आमची मुलं टाळ घेऊन बसलेली असतात.

नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी, होडी पाण्यात उतरायच्या आतच, आजो गेला.

मुलाच्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न होता: आजो खंय गेलो? त्याने दोतोर्नात विचारलं. शिकवणारी कॉलेजातली मुलगी, मनाने फार चांगली. ती म्हणाली, “बाप्तिस्मा नसेल तर स्वर्ग नाही, असं आम्हांला शिकवलं होतं.” त्याने शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला विचारलं. बाई म्हणाल्या, “सगळे धर्म सारखेच, बाळ. चला, पुढचा धडा.” घरी आईला विचारलं, तर “असा विचारूचा नसता.” 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे आजीच्या थडग्यावर मेणवात लावायला निघाले तेव्हा तो घराबाहेर पडलाच नाही. त्यानंतर इगर्जही बंद.

“कोणाकच म्हायत नाय,” तो मला म्हणाला. “मगे आयतवारचा जाऊन काय करू?”

त्याच्या आईवडिलांना मी सांगितलं, याची श्रद्धा उडालेली नाही. ज्याला काहीच वाटत नाही अशा मुलाला मेलेला माणूस कुठे गेला याची चार महिने काळजी लागत नाही. याने तर तीन दारं वाजवली. एका दाराने भीती घातली, दुसऱ्याने विषय बदलला, तिसऱ्याने गप्प केलं. आणि दारातल्या माणसांना एकमेकांचं काही ठाऊकच नव्हतं. शाळेच्या बाईंना वाटत होतं घरी बोलत असतील, आईला वाटत होतं दोतोर्नात सांगतील. बाप्तिस्म्याच्या विधीत आईवडिलांना श्रद्धेचे पहिले शिक्षक म्हटलेलं आहे. तो आशीर्वाद आपण फोटो काढता काढता घेतो आणि पुढे ते काम शाळेवर नि रविवारच्या वर्गावर सोपवून मोकळे होतो. हे मी स्वतः आई म्हणूनही लिहिते आहे.

मोबाइल परत द्या आणि जबरदस्ती थांबवा, एवढं आधी करायला लावलं. मग मुलालाच विचारलं, तुझा प्रश्न सगळ्यांसमोर ठेवू का? तो म्हणाला, “ठेवा. पण दोतोर्नाच्या टीचरवर कोणी ओरडायचं नाही.”

एका रविवारी दुपारी त्यांच्या पडवीत बसलो. आईवडील, पॅरिशचे फादर, दोतोर्न शिकवणारी ती मुलगी, आणि शाळेच्या बाईसुद्धा. बाई हिंदू आहेत. त्या मोकळेपणाने म्हणाल्या की धर्माचा विषय निघाला की त्यांना भीती वाटते. ती भीती मला समजते. राज्यघटनेच्या 28व्या कलमाप्रमाणे अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणा मुलाला धर्मशिक्षणात बसवता येत नाही, आणि वर्गात निम्म्याहून जास्त मुलं हिंदू. ते बंधन योग्यच आहे. पण ‘तुझा प्रश्न मोठा आहे, तो फादरना विचार, आणि ते काय म्हणाले ते मला येऊन सांग’ एवढं म्हणायला कुठलंच कलम आड येत नाही.

फादरांनी सांगितलं ते आईवडिलांनीही पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात लिहिलं आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीने वागायला झटतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्याच वर्षी, 28 ऑक्टोबर 1965 रोजी, परिषदेने इतर धर्मांविषयीची आणि ख्रिस्ती शिक्षणाविषयीची अशी दोन निवेदनं एकाच दिवशी जाहीर केली. आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, हे त्या दुसऱ्या निवेदनातलंच. साठ वर्षं झाली, तरी ते आमच्या वाडीतल्या रविवारच्या वर्गात पोचलेलं नव्हतं. यात त्या मुलीचा काय दोष? तिला कुणी शिकवलंच नाही. फादरांनी ती चूक स्वतःकडे घेतली, हे मला फार मोलाचं वाटलं.

मुलगा आत, दाराआड होता. ती मुलगी उठून त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, “मी तुला चुकीचं सांगितलं. मलाच नीट माहीत नव्हतं.” तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

फादरांनी त्याला ‘आजो स्वर्गात आहे’ असं ठाम सांगितलं नाही. ते माझ्या हातात नाही, म्हणाले. देवाच्या हातात आहे, आणि आजोला तू ओळखतोस त्याहून देव जास्त ओळखतो. मुलाने विचारलं, त्याच्यासाठी मेणवात लावली तर चालेल? फादर म्हणाले, चल, आत्ताच जाऊ. शेजारच्या मित्रालाही हाक मारली. वारा फार होता, काडी चार वेळा विझली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे दोन रविवार तो पुन्हा गेला नाही, आणि कुणी काही बोललं नाही. नाताळच्या नेवऱ्या (करंज्या) मात्र मित्राच्या घरी तोच घेऊन गेला. शाळेच्या बाई आता फादरांना अधूनमधून फोन करतात. दोतोर्न शिकवणाऱ्यांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ ठरली आहे आणि तिथे आईवडीलही येऊन बसतात. पहिल्या वेळी चौघंच आले होते.

परवा आईचा फोन आला. मुलाने नवा प्रश्न काढला होता: देवाला सगळं आधीच माहीत असतं, तर आपण मागायचं कशाला? मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात?

“माका म्हायत नाय म्हणान सांगलंय,” ती म्हणाली. “म्हटलंय, आयतवारी फादराक दोघांय मिळान विचारूया.”